दाखल नंबर नसलेला लोखंडी हात

सुमनबाई मेश्राम यांच्यावर अन्याय झाला तो दिवाळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी साडेअकराला, आमगाव तालुक्यातल्या आमच्या वाचनालयाच्या काउंटरवर. त्या वडिलांची वही न्यायला आल्या होत्या. वही नव्हती.

मी तिथं कंत्राटी कॅटलॉगर. पुस्तकांच्या नोंदी ठेवते. प्रत्येक पुस्तकाला दाखल नंबर असतो. नंबर नाही, तर रजिस्टरच्या लेखी ते पुस्तकच नाही.

सुमनबाईंचे वडील राइस मिलमध्ये हमाल. यंत्राच्या पट्ट्यात उजवा हात गेला. डाव्या हातानं त्यांनी दंडार लिहिली, म्हणजे मंडईच्या जत्रेत भरदिवसा होणारं आमच्याकडचं नाटक. तिच्यात एक घड्याळजी हमालाला लोखंडी हात बसवून देतो. हात थकत नाही. मुठीत धान धरलं की किती ओलं ते सांगतो. मग अख्खं गाव रांगेत. कुणाला अंधारात दिसणारे डोळे हवेत, कुणाला चिखलात न सडणारे पाय. माणूस जन्मला तसाच मरावा, हा कायदा केला कुणी? आज माणूस आणि यंत्र एक होणार म्हणून मोठमोठ्या सभा भरतात. हा हमाल माझ्या जन्माआधीच ते लिहून मोकळा झाला होता!

घरात वाळवी, म्हणून वही वाचनालयाच्या कपाटात. दरवर्षी मंडईआधी सुमनबाई नेत, नंतर आणून ठेवत. घरचाच मामला. नोंद कुणी केलीच नाही.

"सर, वही कुठाय?" मी वाचनालयाच्या सचिवांना विचारलं.

"निर्लेखनात गेली असेल." निर्लेखन म्हणजे जुनं-फाटकं यादी करून रद्दीत काढणं.

"कुणी काढली?"

"यादी तूच टाइप केलीस ना?"

फाइल उघडली. 'जुन्या वह्या, एक गठ्ठा.' खाली माझी सही. वाचन वाचवा म्हणून गावोगाव पत्रकं वाटणारी मी! गठ्ठ्याची सुतळीसुद्धा सोडली नव्हती.

रद्दीवाल्याकडे धावले. "मॅडम, वो माल तो कब का गया. गल भी गया होगा."

परतले तेव्हा सुमनबाई बाकावरच होत्या. सचिव त्यांना समजावत होते, "बाई, दाखल नंबर नव्हता हो."

"माया बापाले बी नंबर नव्हता मिलमंदी. म्हून का त्याचा हात कटला नाही?" मग माझ्याकडे वळल्या. "पोरी, तुले त वाचता येते. मंग उघडून काऊन नाही पाहिलं?"

मी कोरी वही घेतली आणि त्यांच्यासोबत गावात निघाले.

दंडारीतल्या नटांना आपापली वाक्यं पाठ होती. चार दिवस बसून मी ती लिहून घेतली. शेवटचा प्रवेश मात्र सुमनबाईंचे वडील स्वतः करत. ते गेल्यावर सुमनबाई तो वहीत पाहून म्हणत. त्यांना हमालाचं एकच वाक्य आठवतं: 'हात त नवा देला, आता वाकत नाही अशी पाठ दे.' घड्याळजीनं काय उत्तर दिलं, ते गेलं. कायमचं.

नव्या प्रतीवर दाखल नंबर मीच टाकला. सचिव म्हणाले, "हे नियमात बसत नाही." म्हटलं, "मग नियम हलवा."

आता तुम्ही. उद्या आपल्या गावच्या वाचनालयात जा. नंबर नसलेल्या वह्या-पुस्तकांचं कपाट उघडायला लावा. हातानं लिहिलेली वही सापडली तर शेवटच्या पानापर्यंत वाचा, आणि तिच्यावर नंबर पडेपर्यंत काउंटरवरून हलू नका.