पोस्टकार्डाएवढी फट

सांगलीच्या गणपती पेठेतल्या अण्णांच्या तंबोऱ्यांच्या दुकानाला दोन तोंडं होती. पुढचं पेठेकडे: पांढरी गादी, भिंतीला ओळीनं टांगलेले तंबोरे आणि सतारी, खिडकीपाशी भाऊसो मिस्त्रींची बैठक. मागचं बोळात: पेंढा, खिळ्यांचे डबे, फळ्यांची चळत, आणि त्यात मांडी घालून बसलेला धोंडिराम. परगावी रेल्वेनं जाणारे तंबोरे ज्या खोक्यांत निजून जायचे, ती खोकी तो करी. आठ वर्षं तो खोकीच करत होता.

त्याचा हात खोक्यांपुरता नव्हता. फौजेत असताना बंदुका दुरुस्त करणाऱ्या आर्मररच्या हाताखाली त्यानं बारा वर्षं रायफलींचे दस्ते बसवले होते. अक्रोडाचं लाकूड असं तासायचा, की शिपायाच्या गालाला ते उशीसारखं वाटावं. रजेवर आला असताना छप्पन साली रहिमतपूरला सगळ्या भावकीबरोबर त्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि पुढं फौजेतून सुटल्यावर कामाच्या शोधात सांगलीला आला. अण्णांनी त्याचं काम पाहिलं आणि पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "धोंडिराम, हात तुझा सोन्यासारखा आहे. पण तंबोरा लोकांच्या देवघरात जातो. गिऱ्हाईक विचारतं, हा कोणी केला? खोटं मला बोलवत नाही, आणि खरं सांगायची माझी छाती नाही."

धोंडिराम "ठीक हाय" म्हणाला आणि मागं जाऊन बसला. त्याच्या बायकोला, पारूबाईला, हे कधीच ठीक वाटलं नाही. दुपारी बोळातून भाकरीचं गठुडं घेऊन आली, की ती म्हणायची, "आठ वर्सं नुसता नवरीचा मेणाच करतायसा. नवरीचं त्वांड कवा बघणार?"

"मेणा तरी झकास झालाय का न्हाई?"

"व्हय, लय झकास. बसा त्यातच."

सदुसष्ट सालच्या मार्च महिन्यात एका दुपारी मधु नावाचा तरुण दोन गिटारी घेऊन दुकानात आला. विजेवर वाजणाऱ्या. उन्हाळ्याच्या मोसमात तो महाबळेश्वरच्या एका हॉटेलात रोज तीन तास वाजवायचा. जुनी गिटार आतून कायमची बंद पडली होती. नवी एका बोटीवरच्या खलाशाकडून घेतलेली. पण गेल्या वर्षी पाऊस लागल्यावरही ती आठवडाभर महाबळेश्वरच्या खोलीत राहिली, आणि तिथल्या ओलीनं तारांच्या ओढीखाली तिची मान वाकली. वर ती मान हाताला अशी भरभक्कम, की अर्ध्या तासात मनगटात गोळा यायचा.

"हिची मान सरळ करून द्या, आणि हाताला या जुनीसारखी लागू दे," मधु म्हणाला. "रविवारी सकाळच्या एस.टी.नं मला निघायचंय."

भाऊसोंनी मांडी आखडून घेतली. "विजेवरचं वाद्य मी मांडीवर घेत नाही बाबा. या वयात शॉक बसला म्हणजे?"

"अहो, तार जोडल्याशिवाय कसला शॉक?"

"तारा तर सहा दिसतायत की."

सगळे हसले. अण्णा "नाही जमणार" म्हणणार, एवढ्यात एका तंबोऱ्याचं माप घ्यायला धोंडिराम पुढं आला होता, तो थबकला. त्यानं एक डोळा मिटला आणि गिटारीच्या मानेवरून नजर टाकली.

"मधी खोल गेलीया," तो म्हणाला. "सातव्या पडद्यापाशी."

"तुम्हाला कसं कळलं?" मधुनं विचारलं.

"रायफलीची नळी आमी अशीच बघायचो."

अण्णांनी जरा विचार केला आणि गिटारी त्याच्या हाती दिल्या. तेव्हा, ज्यानं आठ वर्षांत काही म्हणून मागितलं नव्हतं, तो धोंडिराम बोलला. "अण्णा, ह्ये जमलं, तर असली कामं म्या फुडं बसून करीन. खिडकीपाशी. उजेड लागतो."

भाऊसो खोकले. अण्णांनी टांगलेल्या तंबोऱ्यांकडं पाहिलं, मग त्या लालभडक गिटारीकडं. "हे काही कुणाच्या देवघरात जायचं नाही," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "बरं. जमलं तर. नाही जमलं, तर पुन्हा हा विषय नको."

मागं येऊन धोंडिरामनं दोन्ही गिटारी पेंढ्यावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि डोळे मिटून दोन्ही मानांवरून अंगठा फिरवला. नवी मान लाटण्यासारखी गोल, मूठ भरून टाकणारी. जुनी तोंडल्याच्या फोडीसारखी, निसटती. पण अंगठ्याला जे कळतं ते पटाशीला सांगता येत नाही. म्हणून त्यानं शिशाची मऊ तार घेतली, पहिल्या पडद्यामागं मानेच्या पाठीवर दाबून बसवली, तशीच उचलून कागदावर ठेवली आणि पेन्सिलीनं गिरवली. मग पाचव्या पडद्यामागं, मग नवव्या. जुनीच्या रेघा काळ्या, नवीच्या निळ्या.

पारूबाई वाकून बघत होती. "ह्ये काय, शिंप्यावानी बाह्या बेतताय?"

"गप. हितं बघ. जाडी किती फरकाची हाय?"

"जाडी? सारखीच की जवळजवळ."

"मग हात का दुकतो त्याचा?"

तिनं पुन्हा पाहिलं. स्वयंपाकघरात रोज शंभरदा वस्तू मुठीत धरणारी बाई ती. "हिला खांदं हायेत," निळ्या रेघेच्या दोन्ही कडांवर बोट ठेवत ती म्हणाली. "जुनी कशी खांदं पाडून बसलीया. मुठीत खांदं रुतत असतील."

धोंडिरामनं कपाळाला हात लावला. तो पाठीवरून तासायला निघाला होता! मानेच्या पोटात एक लोखंडी सळई होती. पाठ तासली असती, तर सळईवर लाकूडच उरलं नसतं. त्यानं डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून जुन्या मानेचे तीन फर्मे केले, आणि काचेच्या कपचीनं नवीचे नुसते खांदे खरवडायला घेतले. चार ओढ्या, की फर्मा लावून बघायचा. फटीतून उजेड दिसेल तिथं हात आवरायचा, अडेल तिथं पुन्हा चार ओढ्या. दोन दिवसांनी तिन्ही फर्मे बसले. पॉलिशपेपर मारून त्यानं मान पारूबाईच्या हातात दिली.

"आता कशी?"

"आता तोंडलं झालं," ती म्हणाली.

राहिला वाक. मानेच्या शेंड्याला एका छोट्या झाकणाखाली सळईचा नट होता; तो आवळला, की मान तारांच्या उलट ओढली जायची. सायकलवाल्याकडून आणलेला नळीचा पाना कानशीनं घासून त्यानं त्यावर बसवला. तारा सैल करायच्या, नट पाव फेरा आवळायचा, तारा पुन्हा ताणायच्या, एक डोळा मिटून पाहायचं. फौजेतले हवालदार नळी उजेडाकडं धरायला लावत. आतल्या सावलीच्या कड्या एकात एक बसल्या, तरच नळी पास, केसाएवढा फरक दिसला तर परत. धोंडिरामनं शुक्रवारी रात्र व्हायच्या आत ती मान रायफलीच्या नळीसारखी सरळ केली. पोलादी पट्टी उभी ठेवली, तर खालून उजेडसुद्धा जात नव्हता. आठ वर्षांत तो इतका खूश झाला नव्हता.

शनिवारी सकाळी मधु आला. मान हातात धरली आणि त्याचा चेहरा उजळला. "वा! ही तर माझीच जुनी!" मग बरोबर आणलेल्या आवाजाच्या पेटीला वायर जोडून त्यानं तारा छेडल्या.

खर्र. प्रत्येक सुरामागून खर्र. पत्र्यावर वाळू पडावी तशी.

त्यानं खाली छेडलं, वर छेडलं. खर्र. "तारा पडद्यांना घासतायत," तो हळूच म्हणाला. "आधी वाकडी होती, पण अशी खरखरत नव्हती."

भाऊसो खिडकीतून बाहेर बघू लागले. अण्णा रागावले नाहीत, तेच जड गेलं. "असू दे, धोंडिराम. रायफल वेगळी, वाद्य वेगळं. कोल्हापूरचा तंबोरा संध्याकाळच्या गाडीनं जायचाय, त्याचं खोकं बघ."

संध्याकाळी येतो म्हणून मधु गिटार ठेवून गेला. धोंडिराम ती घेऊन मागं गेला. गिटार भिंतीला टेकवून ठेवली आणि फळी ओढली. सरळ ते सरळच, मग चुकलं कुठं? पट्टी खोटं बोलत नव्हती. डोळाही नाही. त्यानं गेरूच्या वाटीतून दोरा ओढून घेतला. भाकरी घेऊन आलेल्या पारूबाईनं न सांगताच त्याचं दुसरं टोक फळीच्या कडेवर दाबून धरलं. त्याचा चेहरा बघून तिनं आज मेण्याचं नाव काढलं नाही.

दोरा ताणून त्यानं मधोमध उचलला आणि सोडला. फळीवर लाल रेघ उठली.

अशा हजार रेघा त्यानं मारल्या असतील. आज तो तिच्याकडं बघतच राहिला.

"काय झालं?"

"धर. परत धर."

पुन्हा दोरा सोडला. त्याच्या बोटाखाली आणि पारूबाईच्या बोटाखाली रेघ सुईसारखी बारीक होती. मधोमध ती फिसकटलेली, गेरूचे शिंतोडे उडालेली. टोकं जागची हलत नव्हती. दोरा नाचत होता तो मधे, आणि मधेच फळीवर आपटत होता.

"तिला नाचायला जागाच ठेवली न्हाई म्या," धोंडिराम म्हणाला. "तारंला! पार सपाट फळीच करून टाकली की गं."

"मग वाकडीच बरी हुती म्हणा."

"तेवडी न्हाई. पर वाईच पायजे. मधी, वाईच."

वाईच म्हणजे किती, हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं नट थोडा सैल केला. तारेला पहिल्या पडद्यावर आपल्या बोटानं आणि शेवटच्या पडद्यावर पारूबाईच्या बोटानं दाबून धरलं, की तीच तार सरळ पट्टी झाली. मग सातव्या पडद्यावर तिच्याखाली किती फट राहते ते बघायचं. हाताशी रहिमतपूरच्या भावाचं पोस्टकार्ड होतं. ते फटीत जाईना. नट आणखी जरा सैल. पोस्टकार्ड गेलं, पण ढिलं. उलट जरासा आवळला. आता ते तारेला न हलवता, नुसतं चाटून सरकलं.

त्यानं तार छेडली. पेटी न जोडताही ती स्वच्छ वाजली.

कोल्हापूरचं खोकं मात्र त्यानं आधी पुरं केलं, पेंढा भरला, झाकण ठोकलं. मग तो पुढं गेला.

मधु संध्याकाळी आला, नाइलाजानं, गिटार तशीच घेऊन जायला. त्यानं वायर जोडली, आणि दहा मिनिटं तो वाजवतच राहिला. सूर पेठेत गेला तसे समोरच्या भांड्यांच्या दुकानातली माणसं बाहेर आली. भाऊसोंचा पाय गादीवर हलायला लागला होता, ते त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"हे कसं केलंत, धोंडिरामभाऊ?"

"वाईच वाकडं केलं," धोंडिराम म्हणाला. "महाबळेश्वरात पाऊस लागायच्या आधी खाली घेऊन या. न्हाईतर मग मला बोलू नगा." जुनी गिटार मधु त्याच्याकडंच ठेवून गेला, आतून काही दुरुस्त होतंय का बघा म्हणून.

अण्णांनी त्या संध्याकाळी विषय काढला नाही. धोंडिरामनंही काढला नाही. सोमवारी सकाळी तो बोळातून आला, तेव्हा त्याचं पटाशीचं खोकं पेंढ्यापाशी नव्हतं. त्यानं पुढं डोकावून पाहिलं. ते खिडकीपाशी होतं, आणि भाऊसोंची गादी हातभर पलीकडं सरकली होती.

"उजेड लागतो म्हणालास ना?" अण्णा वहीतून मान वर न करता म्हणाले.

धोंडिराम बसला. पाच-दहा मिनिटांनी भाऊसोंनी एक अर्धा झालेला तंबोरा त्याच्या समोर धरला. "जरा तुझा तो रायफलीचा डोळा लाव रे."

धोंडिरामनं हात मांडीवरच ठेवले आणि एक डोळा मिटून पाहिलं. भाऊसोंनी एकदा पेठेकडं बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "धर की हातात. लांबून काय दिसतंय?"

त्यानं तो दोन्ही हातांनी धरला.

दुपारी पारूबाई नेहमीसारखी बोळात आली. पेंढा होता, फळ्या होत्या, नवरा नव्हता. गठुडं छातीशी धरून ती वळसा घालून पेठेत आली, आणि दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. आठ वर्षांत ती या बाजूनं कधी आली नव्हती.

"पारूबाई, या की वर," अण्णा म्हणाले.

ती वर आली नाही. पायरीवरून खिडकीतल्या माणसाकडं, त्याच्या मांडीवरच्या तंबोऱ्याकडं तिनं डोळे भरून पाहिलं, आणि मगच गठुडं पुढं केलं.

"आवं," ती म्हणाली, "नवरी कशी हाय?"

"मधी वाईच वाकलीया," धोंडिराम म्हणाला. "काढतो सरळ. हिला पडदं न्हाईत, सरळच लागतं."