कडं उमटेपर्यंत

विमल गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. गॅस बंद केला आणि तिथंच पाटावर बसून राहिले... आता काही आठवडे झाले, तरी तिच्याविषयी 'होती' म्हणायला जीभ वळत नाही.

कोल्हापुरात एकाच कॉलेजात आम्ही नोकरी केली. ती प्राणिशास्त्राची, मी मराठीची. नव्वदच्या दशकात मालवणच्या सहलीहून तिनं खडकांत राहणारा एक बोटभर मासा आणला आणि प्रयोगशाळेतल्या काचेच्या टाकीत ठेवला. गर्द निळा, अंगावर पांढऱ्या रेघा. त्याच्यासाठी समुद्राचं पाणी कॅन भरभरून एसटीनं यायचं. कंडक्टर विचारायचा, "बाई, तुमच्यात मीठ मिळत न्हाय व्हय?"

पुढं तपासणी समिती यायची होती. विभागप्रमुखांनी पुस्तकातलं एक चित्र दाखवलं. "मॅडम, हाच आहे. नावाची पाटी लावून टाका." विमलनं लावली नाही. चित्रातल्या माशाच्या रेघा गोल फिरलेल्या, याच्या उभ्या. साहेब लालबुंद झाले, टाकीच काढून टाकतो म्हणाले. मीच घाबरून तिला म्हटलं, "लाव की कायतरी नाव. कोण बघत बसलंय?"

"आमच्या आज्ज्याला गावानं भलत्याच नावानं हाका मारल्या," ती शांतपणे म्हणाली. "दीक्षा घेतल्यावर कुठं त्याचं खरं नाव लोकांच्या तोंडात बसलं. मला न्हाय जमायचं हे."

समिती आली आणि टाकीकडं न बघताच चहा पिऊन गेली. टाकी वाचली.

मासा मात्र वाढता वाढता बदलायला लागला. रेघा पुसट झाल्या, अंग पिवळसर पडलं. आजारी आहे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. विमल रोज तास संपला की टाकीसमोर स्टूल ओढून बसायची. एका दुपारी तिनं मला हाताला धरून प्रयोगशाळेत नेलं. माशाच्या कल्ल्याच्या वर निळं कडं उमटलं होतं.

"ब्लू रिंग एंजल! अगं, लहानपणी हा येगळाच दिसतोय की!" मग तिनं शेजारच्या बरणीकडं बोट केलं. औषधात रंग उडालेला, मोठा झालेला तोच मासा तिथं होता, आणि त्याच्यावर ती वर्षानुवर्षं शिकवत आली होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली बाई.

यंदा तिचा ताप हटेना. रक्ताचे नमुने तपासायला पुण्याला पाठवले होते. मी डॉक्टरांवर चिडले, तर तिनं अंथरुणातून मलाच दटावलं, "घाईनं कायतरी सांगण्यापरास बघू देत की नीट. मलाबी कळू दे, काय हाय ते."

परवा तिच्या मुलाचा फोन आला. रिपोर्ट आला होता, आजाराचं नाव नक्की झालं होतं. त्यानं ते सावकाश सांगितलं. नाव अगदी बरोबर असणार. पण ते कळायची ओढ होती ती तिला... मला कळून काय करायचंय?