अँटेना नसलेली घरं

परवा फोनवर तू तुझ्या डिशवाल्या कंपनीवर फार चिडली होतीस. इतकी वर्षं त्यांचं गिऱ्हाईक असून नव्या पेटीचे पैसे त्यांनी तुझ्याकडून घेतले, आणि शेजारी नव्यानं राहायला आलेल्यांना तीच पेटी फुकट बसवून दिली. "जुन्या माणसाची काही किंमतच नसते का, आजी?" असं तू विचारलंस. किंमत असते, बाळा. ती कशी ठरवतात हे मी पूर्णेत, स्टेशनजवळच्या आपल्या गल्लीत, एकदा पाहिलं आहे. फोनवर सांगण्यासारखं ते नाही, म्हणून लिहिते. तुझ्या भावालाही वाचायला दे.

मी तेव्हा हायस्कुलात इंग्रजी शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. तुमचे आजोबा रेल्वेत गार्ड होते. पक्षाघाताच्या झटक्यानं त्यांची उजवी बाजू गेली होती आणि बोलणं जवळजवळ थांबलं होतं. सकाळी त्यांना पुसून काढायचं, कपडे बदलायचे, पाठीशी उशा लावायच्या आणि मग टीव्हीची लाकडी दारं सरकवायची, असा आमचा क्रम ठरलेला होता. क्रिकेट असलं की त्यांचा डावा हात चादरीवर आपोआप उठायचा, गाडीमागच्या ब्रेकव्हॅनमधून झेंडी दाखवावी तसा. दिवसभरात त्यांचा तेवढाच एक आनंद होता.

गल्लीत केबल आणली ती स्टेशनसमोरच्या दुकानदारानं. आधी तो व्हीसीआर भाड्यानं द्यायचा. दुकानाच्या गच्चीवर त्यानं ती मोठी छत्री बसवली (सगळे तिला छत्रीच म्हणत) आणि घराघरांवरून काळी वायर ओढली. आमचं घर गल्लीच्या शेवटून दुसरं. गच्ची उंच, म्हणून बूस्टर त्यानं आमच्या कठड्यावर बसवला. बूस्टर म्हणजे मंद पडलेला सिग्नल वाढवून पुढे ढकलणारी पत्र्याची पेटी. तिच्यातून एक वायर आमच्या खोलीत उतरायची आणि दुसरी पलीकडे, शेवटच्या घरात जायची.

पहिल्या गिऱ्हाइकांना त्यानं सवलत दिली होती. जोडणीचे पैसे कमी, पण जुना अँटेना त्याला द्यायचा.

"मॅडम, आता ह्याचं काय काम हाय? कावळ्यायला बसायला?" असं म्हणत त्यानं आमचा अँटेना नळीसकट उतरवला. मला बरंच वाटलं. मला गच्ची मोकळी आवडते. महिनाभरात गल्लीतल्या निम्म्या गच्च्या मोकळ्या झाल्या.

वर्ष-दीड वर्षानं त्यानं निरोप धाडला की नवे चॅनल जुन्या बूस्टरवर चालत नाहीत, नवी मशीन बसवायची आहे, जुन्या गिऱ्हाइकांनी खर्च द्यावा. त्याच आठवड्यात त्याच्या दुकानावर पाटी लागली: नवीन जोडणी मोफत. मी छत्री घेतली, म्हणजे आपली साधी उन्हाची, आणि दुकानात गेले.

"नव्यांना फुकट आणि आम्हाला खर्च, हा कुठला न्याय?" मी विचारलं.

"मॅडम, नव्या माणसाला गोडी लावावी लागती," तो हसून म्हणाला. "तुमी तर घरचे."

"घरच्यांकडून पैसे घ्यायचे?"

"मंग काय परक्याकडून घेऊ? परका पळून जातो ना."

बाकावर एकजण तंबाखू मळत बसला होता. तो म्हणाला, "मॅडम, लग्नाची बायको अन् जुनं गिऱ्हाईक, दोघांला बी नवी साडी मिळत नसती." दुकानातले सगळे हसले. मीही थोडं हसले, कारण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

घरी येताना माझी नजर वर गेली. ज्या गच्च्यांवर अजून अँटेने उभे होते, तिथेच नवी काळी वायर चढली होती, फुकट. आणि ज्या गच्च्या उघड्या होत्या, त्यांनाच निरोप गेला होता. अँटेनावाला दुकानदाराला नको म्हणू शकत होता. सरकारी चॅनल तरी त्याला दिसलंच असतं. आम्ही नको म्हटलं तर आमच्या पडद्यावर फक्त मुंग्या. दीड वर्षापूर्वी आमची नळी खांद्यावर टाकून जिना उतरताना हे त्याच्या मनात होतं का, ते मला माहीत नाही.

शेवटच्या घरात रेल्वेच्या मालधक्क्यावरचा एक कारकून आणि त्याची बायको भाड्यानं राहत. ती मला काकू म्हणायची. संध्याकाळी ती कठड्यापलीकडून म्हणाली, "काकू, आमच्याकडून बी मागायलाय. ह्यांनी सांगितलं, आधी आमचा अँटेना परत आण. तर म्हणला, 'तो कवाच भंगारात गेला.'"

"मग तुम्ही देणार?"

"ह्ये न्हाई म्हणतेत. तुमी?"

"मीही नाही," मी म्हणाले. आणि दोन्ही घरांनी मशिनीचे पैसे थांबवले.

ही माणसं बौद्ध होती. गल्लीत ते एकच बौद्ध घर. एरवी हे सांगायचं कारण नव्हतं, कुणाच्या तोंडी तो विषयही नसे. स्वतःच्या घरी टीव्ही असून कारकून सुट्टीच्या दिवशी आपला चहाचा कप घेऊन आमच्याकडे यायचा आणि तुमच्या आजोबांशेजारी बसून मॅच पाहायचा. त्यांचा हात उठला की म्हणायचा, "साहेब, हा आउट नव्हता, बरोबर?" त्यांच्या हाताची भाषा त्याला माझ्यापेक्षा लवकर कळायची.

मग जानेवारीत विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय येणार असं ऐकू येऊ लागलं. तुम्हाला त्या दिवसांची कल्पना येणार नाही. ताडकळसहून भाजी घेऊन येणारी बाई भाव सांगायच्या आधी इकडेतिकडे पाहायची. दुकानांची शटरं दुपारीच अर्धी खाली यायची. पानपट्टीपाशी माणसं उभी असत, आणि मी जवळून गेले की बोलणं थांबे. अठ्ठ्याहत्तर साली याच प्रश्नावरून तुमच्या आजोबांनी मालगाडीच्या मागच्या डब्यातून दूर एका गावाबाहेरची घरं जळताना पाहिली होती. आले, हातपाय धुतले आणि न जेवता अंगणात बसून राहिले होते. तेव्हापासून आमच्या घरात हा विषय कुणी काढत नसे. आता मात्र बातम्या लागल्या की ते माझ्याकडे बघायचे आणि मी त्यांच्याकडे.

निर्णय झाला. दुसऱ्या दिवशी केबलवाला आला. नेहमी एकटा यायचा, या वेळी त्याच्याबरोबर दोघे होते. त्यांना मी पानपट्टीवर पाहिलं होतं. ते चपला न काढता जिन्यानं सरळ गच्चीवर गेले. मी मागोमाग गेले. एकजण पेटीपाशी वाकून विचारत होता, "ह्याच्यातली त्येंची कोणती?"

केबलवाल्यानं बोट दाखवलं. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमचा मशिनीचा खर्च माफ. जुनं गिऱ्हाईक म्हणून."

"आणि?"

"आणि काही न्हाई. ती पलीकडची वायर तेवढी काढून टाका."

"मी काढू? पेटी तुझी, वायर तुझी."

तो त्या दोघांकडे न बघता म्हणाला, "मला रेल्वे क्वार्टरात धंदा करायचा हाय, मॅडम. तिथं त्येंच्यातली लय घरं हायत माझ्याकडं. मी काढली तर तिथल्या वायरी उद्या काढतेत. भिंत तुमची हाय. तुमीच नको म्हणलात, असं झालं म्हंजे कुणाचंच नाव खराब होत न्हाई."

"माझं होतं ना."

"तुमचं कोण खराब करतंय? तुमी शिकलेल्या," पेटीजवळचा म्हणाला. "खाली साहेब पडून हायत. त्येंचा टीव्ही चालू राहू द्या की. आमी काय कुणाला मारायलोत का?"

मला त्यांचा हेतू स्वच्छ दिसत होता. वायर आमच्या हातून निघाली की शेवटचं घर गल्लीतून निघाल्यासारखंच होतं, आणि त्यानंतर त्या घरावर जे येईल तेही आमच्या संमतीनं आलं असं धरलं गेलं असतं. एका पारड्यात ते आणि दुसऱ्यात तुमच्या आजोबांचा उठणारा डावा हात. कोणत्या घराला काय देऊ करायचं ते केबलवाल्याला अचूक माहीत होतं.

"वायर आहे तिथेच राहील," मी वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले. "आणि पुढच्या वेळी चपला खाली काढून या."

ते गेले. जाताना तिसरा, जो एक शब्दही बोलला नव्हता, कठड्यावरून वाकून शेवटच्या घराच्या अंगणात बराच वेळ बघत राहिला.

त्याच दुपारी दोन्ही घरांच्या पडद्यावर मुंग्या आल्या. आमच्या पेटीपर्यंत येणारी लाइन मागूनच तोडली होती. गल्लीतल्या इतर घरांतून गाण्यांचे आवाज येत होते. तुमच्या आजोबांनी हातानं विचारलं, काय झालं? बिघाड आहे, दुरुस्त होईल, असं मी म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांना किती कळलं होतं हे मी तेव्हाही विचारलं नाही. चार-पाच दिवस ते त्या मुंग्यांकडेच बघत पडून असत. टीव्ही बंद करू गेले की हात हलवून नको म्हणायचे.

एका संध्याकाळी शेजारीण आली. एरवी कठड्यावरून हाक मारायची, त्या दिवशी पुढच्या दारानं आली आणि दारातच उभी राहिली.

"काकू, आमची वायर काढून टाका."

"तुला कुणी काही बोललं का?"

"कुणी काही बोलत न्हाई. त्येचंच भ्या वाटतंय. नळावर गेले की बाया हंडा उचलून बाजूला होतेत. काल आमच्या दाराला कुणीतरी भायेरून कडी लावली होती. ह्यांनी मागच्या भिंतीवरून उडी मारून काढली." ती आजोबांच्या पलंगाकडे बघत होती. "साहेबांचा टीव्ही आमच्यापायी बंद हाय. ह्ये रोज घरी हेच बोलतेत."

"वायर काढून कडी लावणारे थांबणार आहेत का?"

"न्हाई थांबणार," ती म्हणाली. "म्हणूनच ह्यांनी क्वार्टरसाठी अर्ज केलाय. मिळालंय बी. आईतवारी जातोत आमी."

मी तिला बस म्हणाले. ती बसली नाही. ठामपणानं बोललं म्हणजे पुरेसं होतं, असं मला वाटत आलं होतं. त्या दिवसापर्यंत.

आईतवारी टेम्पो आला. सामान थोडंच होतं. कारकून निरोप घ्यायला आत आला आणि नेहमीच्या जागी क्षणभर बसला. "साहेब, येतो," म्हणाला. आजोबांनी डावा हात त्याच्या हातावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. शेवटी ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. गल्लीतली दारं लोटलेली होती. टेम्पोमागे चार पावलं फक्त मी चालले.

परत उंबरठ्यावर आले तेव्हा आतून टाळ्यांचा आवाज येत होता. पडद्यावर मैदान होतं, हिरवंगार, इतकं स्वच्छ चित्र आम्हाला आधी कधीच दिसलं नव्हतं. नवी मशीन बसली होती. आम्ही पैसे दिले नव्हते आणि कुणाला काही कळवलंही नव्हतं. टेम्पो अजून रेल्वे फाटकापर्यंतही पोचला नसेल.

मी जिना चढून वर गेले. गच्चीच्या दाराला सकाळी मी आतून घातलेली कडी तशीच होती. दार उघडलं. कठड्यावर नवी पेटी होती आणि शेवटच्या घराची वायर सोडवून, नीट वेटोळं करून, खिळ्याला टांगलेली होती. गच्च्यांवरून कुणीतरी आलं होतं आणि मी खाली निरोप देत असताना सावकाश काम करून गेलं होतं. लांबवर कुठल्याच गच्चीवर माणूस नव्हता.

खाली आले तेव्हा तुमच्या आजोबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. डाव्या हातानं ते मला खूण करत होते, बंद कर. मी टीव्ही बंद केला, त्याची दारं ओढून घेतली, आणि गच्च्यांवरून येणाऱ्यांना आतली कडी पुरणार नाही म्हणून बाजारात जाऊन गच्चीच्या दारासाठी एक मोठं कुलूप घेऊन आले.