उसातले फासे

काकांनी उसात किती फासे लावलेत, हे त्या सकाळी कुणालाच माहीत नव्हतं. काकांनाही नव्हतं. ऊसतोडीची टोळी आदल्या संध्याकाळी आली होती. शेताच्या कडेला त्यांच्या कोप्या उभ्या राहिल्या होत्या आणि कोयत्यांना धार लावणं चालू होतं.

हा ऊस शहागडच्या अलीकडे, गोदावरीच्या काठाला आहे. तीन एकर. मी जालन्यात वर्तमानपत्रात नोकरी करतो. काका तापातून उठलेत म्हणून भेटायला गेलो होतो.

फासा म्हणजे मोटारसायकलच्या क्लचची जुनी तार. एक टोक जमिनीत ठोकलेल्या खुंटीला बांधतात आणि दुसऱ्या टोकाचं सरकतं वेटोळं वाटेवर, वीतभर उंचीवर ठेवतात. रानमांजर सरीतून रोज एकाच वाटेने जातं. अडकलं की ते ओढतं, आणि ओढलं की तार आवळते. लहान मुलाचा पाय अडकला तर तेही ओढणारच. टोळीत चार मुलं होती. त्यातली सर्वांत धाकटी मुलगी नुकती चालायला लागली होती आणि हात सुटला की उसाकडे धावत होती.

रानमांजर धरणं गुन्हा आहे. अशा गुन्ह्यांच्या बातम्या मी अनेकदा तपासून पानात लावल्या आहेत. काका तरुणपणी कातडी कमावून अंबडच्या बाजारात एका व्यापाऱ्याला द्यायचे. पुढे कायदा कडक झाला, व्यापारी गेला, काकांच्या हाताची सवय तेवढी राहिली. या वर्षी निमित्त काकूंच्या गुडघ्याचं होतं. रानमांजराचं कातडं केस आत घेऊन गुडघ्याला बांधलं की वात उतरतो, असं आमच्याकडे म्हणतात. मी हे ऐकलं आहे, उतरलेला वात पाहिलेला नाही.

"काका, फासे किती आहेत?" मी विचारलं.

"तोंडानं मोजायचे नसतात. मोजले की रिकामे राहतात."

"लेकरं आहेत टोळीत. आता सांगा."

"मला तरी कुठं ध्यानात हाय? वळचणीला ज्वारीच्या ताटाचा तुकडा हाय, त्यात बघ."

त्यांची रीत अशी होती. एक फासा लावला की ज्वारीच्या ताटाच्या तुकड्यात बाभळीचा एक काटा खोचायचा, फासा काढला की काटा काढायचा. संख्या बोलायची नाही, कुणाला दाखवायची नाही. मी तुकडा काढला. त्यात एकही काटा नव्हता.

"ते काटे व्हय?" काकू चुलीपासून म्हणाल्या. "ते मी कातड्याला लावले."

काका बाजेवर उठून बसले. त्यांना ताप भरला त्याच दिवशी एक रानमांजर सापडलं होतं. त्यांनी ते सोलून, आतली चरबी खरवडून, मीठ-तुरटी चोळून जुन्या फळीवर ताणायला घेतलं आणि तिथेच आडवे झाले. पुढचे सहा दिवस ते अंबडच्या दवाखान्यात होते. राहिलेलं कातडं काकूंनी ताणलं.

"खिळे सरल्ते," काकू म्हणाल्या. "तुमी तापात बरळून राह्यलते, कातडं आकसून राह्यलं होतं. काय करायचं होतं मी?"

"अन् मंग काटे कुठं गेले?"

"चुलीत. काट्याचं काय लोणचं घालायचं होतं?"

"अगं, माझी मोजदाद होती ती!"

"मंग बोलायचं होतं. चाळीस वर्षं झाली, एकदा तरी सांगितलं का?"

टोळीच्या मुकादमाला सांगावंच लागलं. त्याने ऐकून घेतलं आणि कोयता खाली ठेवला. "मालक, तुमाला मांजर धरायचंय का माणूस?" मग टोळीला थांबवून त्याने चारही मुलं ट्रॉलीत बसवली.

काका पुढे, मी काठी घेऊन मागे, असे आम्ही सरीत शिरलो. अशक्तपणामुळे काका दर वीस पावलांवर थांबत. पाचटाखाली वाट दिसत नव्हती. आठवणीच्या जोरावर त्यांनी पाच फासे काढले आणि मग ते नुसतेच उभे राहिले. पाचच होते की आणखी होते, हे त्यांना सांगता येईना.

बांधावर आलो तेव्हा काकू कातडं घेऊन उभ्या होत्या. फळीवरून काढून त्यांनी ते बाभळीच्या सालीच्या पाण्यात भिजवलं होतं. "भोकं मोजा की," त्या म्हणाल्या.

कातडं उन्हाकडे धरलं. सालीच्या पाण्याने लोखंड काळं पडतं. खिळ्यांच्या भोकांभोवती काळी कडी उमटली होती. काट्यांची भोकं बारीक आणि कोरी होती. मी दोनदा मोजली. सात.

"सगळे काटे लावले होते ना?"

"एकबी उरला न्हाई."

पुढच्या दोन तासांत आणखी दोन फासे सापडले. सातवा हातात घेऊन बाहेर आलो, तेव्हा काकूंचा चेहरा उतरलेला होता.

"एक काटा लावतानाच मोडल्ता वाटतं," त्या म्हणाल्या.

"वाटतं म्हंजी?"

"मोडला असंल. टाकून दिला असंल. आता बराबर आठवत न्हाई."

मुकादमाने कारखान्याने ऊस पोचवायला दिलेल्या पाळीचा कागद दाखवला. ट्रॉली उभी ठेवणं त्याच्या हातात नव्हतं. शेवटी ठरलं ते असं: तोड सुरू करायची, पण कोयत्यांच्या पुढे दोन सऱ्या काका आणि मी चालायचं, आणि मुलं ट्रॉलीतून खाली उतरवायची नाहीत. मी कार्यालयात फोन करून तीन दिवसांची रजा घेतली. कारण घरचं काम असं सांगितलं.

तीन दिवस काठीने पाचट उलथत आम्ही उसातून चाललो. धाकटी मुलगी ट्रॉलीत रडायची. तिचा आवाज थांबला की काका वळून बघायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी, ओढ्याकडच्या शेवटच्या सऱ्यांत काठी खुंटीला लागली. काका खाली बसले. खुंटीला बोटभर तार होती. तिचे धागे पिळवटून तुटलेले होते. वेटोळं जागेवर नव्हतं.

"संपले का, मालक?" मुकादमाने लांबून विचारलं.

"आठ," काका म्हणाले. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आठ होते. आठही झाले."

मुकादमाने हात केला. आईने मुलीला ट्रॉलीतून उतरवलं आणि ती तोडलेल्या रानात धावली. काका उठले नाहीत. तुटलेल्या तारेवर अंगठा ठेवून ते ओढ्याच्या झुडपांकडे बघत होते.

"मांजर गळ्यात घेऊन फिरत असंल," ते म्हणाले.

काकूंनी ते कातडं गुडघ्याला बांधलं नाही. त्या संध्याकाळी ओढ्याच्या काठाने तार शोधत काका आणि मी पुन्हा चाललो. अंधार पडेपर्यंत सापडली नाही.