व्हिएन्नातला वरचा बर्थ

गिरिजाच्या आई-पप्पांना अमेरिकेचा व्हिसा दुसऱ्यांदा नाकारला गेला, तेव्हा शैलजाबाईंनी मुंबईहून परतीच्या बसमधूनच लेकीला फोन लावला. "दोनच प्रश्न विचारले गं," त्या म्हणाल्या. "लेक काय करते, आणि परत येणार कशावरून. पप्पा म्हणाले, घर आहे, दार आहे, न येऊन जातोय कुठं? तरी तो साहेब नाही म्हणाला."

गिरिजा तेव्हा अमेरिकेतल्या कॅरी गावात, दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसली होती. मागच्या सीटवर दुधाचा कॅन आणि भाज्यांच्या पिशव्या होत्या. ती "बरं, बरं" म्हणत राहिली. फोन ठेवल्यावरही बराच वेळ तिनं गाडी सुरू केली नाही.

गिरिजा इचलकरंजीची. वडील मनोहर सूतगिरणीत सुपरवायझर होते, आता निवृत्त. घरात धाग्याशिवाय दुसरा विषय नाही, म्हणून पोरगीही टेक्स्टाइलच शिकली आणि पीएचडीला इथं आली. हवा आणि पाणी गाळणारं कापड हा तिचा विषय. येऊन सहा वर्षं होत आली होती आणि या सहा वर्षांत ती एकदाही घरी गेली नव्हती. आधी साथ आली. मग पासपोर्टावरच्या व्हिसाची मुदत संपली. अमेरिकेत राहायला त्यानं काही बिघडत नव्हतं, पण एकदा देशाबाहेर पडलं की नवा शिक्का घेतल्याशिवाय परत आत येता येत नाही, आणि भारतात त्यासाठी मुलाखतीची तारीखच मिळत नव्हती. प्रबंध असा अर्धवट टाकून, कधी परतायला मिळेल ते ठाऊक नसताना जायचं कसं? म्हणून ती गेली नाही. आई-पप्पांनी यायचं म्हटलं, तर त्यांना येऊ देईनात.

अशात तिचा पेपर व्हिएन्नातल्या परिषदेसाठी निवडला गेला. अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीखही तिला व्हिएन्नातच मिळाली. त्या रात्री भाकरी थापता थापता तिच्या डोक्यात आलं, की आई-पप्पा इकडे येऊ शकत नाहीत, आपण तिकडे जाऊ शकत नाही, तर मधेच भेटलो तर?

शैलजाबाईंना व्हिएन्ना कुठं आहे ते माहीत नव्हतं. पण लेक भेटणार एवढं त्यांना पुरेसं होतं. मनोहररावांनी एक ठेव मोडली, कागदपत्रं केली, आणि काय नवल, युरोपचा व्हिसा पहिल्याच फटक्यात आला.

आता प्रश्न राहायचा. परिषदेच्या आठवड्यात व्हिएन्नातल्या हॉटेलांचे दर बघून गिरिजानं लॅपटॉप मिटूनच टाकला. तिच्याबरोबर घर शेअर करणारी यामिनी, नागपूरची, आयटीतली, सोफ्यावरून म्हणाली, "यार, आठवडाभराचा तर प्रश्न आहे. कर ना सरळ हॉटेल."

"तुझ्या पगारात होईल. माझ्या स्टायपेंडमध्ये होत नाही."

मग हॉस्टेलं बघणं सुरू झालं. महिनाभर तिचा तोच उद्योग होता. ज्याला लोकांनी 'फुल ऑफ लाइफ' म्हटलं होतं, ते तिनं आधी गाळलं. म्हणजे पहाटेपर्यंत दंगा. एक स्टेशनजवळ होतं, स्वस्त होतं, पण कुणीतरी गादीतल्या ढेकणांचे फोटो टाकले होते. एकाला लिफ्ट नव्हती आणि पप्पांचा डावा गुडघा जिना म्हटला की संपावर जायचा. एकाला स्वयंपाकघर नव्हतं. पप्पांना रोज बाहेरचं चालत नाही. एक मात्र सगळ्या बाजूंनी पटलं. कार्डाचा नंबर टाकून झाला आणि मग तळातली बारीक अक्षरं दिसली: वय अठरा ते चाळीस.

"म्हातारी माणसं हिंडत नाहीत होय तिकडं?" शैलजाबाईंनी फोनवर विचारलं.

"हिंडतात आई. ती हॉटेलात उतरतात."

शेवटी एक सापडलं. पश्चिमेकडच्या मोठ्या स्टेशनापासून चालत जाण्यासारखं, लिफ्ट असलेलं, तळमजल्यावर स्वयंपाकघर. त्यात चार खाटांची फॅमिली रूम होती, आतच बाथरूम. दोन खाटा खाली, दोन वर. आई-पप्पा खाली, आपण वर. तिनं मुद्दाम ईमेल करून विचारलं, खालच्या खाटा नक्की मिळतील ना? उत्तर आलं, मिळतील, तुमच्या आईवडिलांचं स्वागत आहे. गिरिजानं ते उत्तर मराठीत करून घरी वाचून दाखवलं. मनोहररावांनी फक्त एवढंच विचारलं, "बेसिनला गरम पाणी येतंय काय?"

येत होतं. तेही तिनं विचारून ठेवलं.

परिषदेला काही आठवडे उरले असताना अमेरिकेनं नियम बदलला. व्हिसाचा शिक्का ज्यानं त्यानं आपल्याच देशात घ्यायचा, तिसऱ्या देशात जाऊन घ्यायचा नाही. व्हिएन्नातल्या तिच्या तारखेला काही अर्थ उरला नाही. ती विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात गेली. समोरची बाई भली होती. तिनं आधी टिश्यूंचा डबा पुढे सरकवला आणि मग बोलली.

"मी तुला जाऊ नको असं सांगू शकत नाही," ती म्हणाली. "पण गेलीस तर परत येशील असंही मला सांगता येणार नाही."

"मग मी काय करू?"

"खरंच, आय डोन्ट नो," ती बाई म्हणाली. आणि तिला खरंच माहीत नव्हतं.

प्रोफेसरांनी विषय लवकर मिटवला. प्रबंध हाताशी आलाय, आता धोका नको. पेपर देवांग वाचेल. देवांग तिच्याच लॅबमधला, न्यू जर्सीत जन्मलेला, अमेरिकेचा पासपोर्ट खिशात घालून कुठंही जाऊ शकणारा. त्याला बिचाऱ्याला इतकं अवघडल्यासारखं झालं की तो दोन दिवस तिच्या टेबलाकडे फिरकलाच नाही.

रविवारी तिनं घरी सांगितलं. फोनच्या पडद्यावर दोन्ही चेहरे जवळजवळ होते. पप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मग रद्द करूया," ते म्हणाले.

"एजंट म्हणतोय पैसे परत मिळायचे नाहीत," शैलजाबाई म्हणाल्या. "आणि चिवडा केलाय मी."

"चिवड्यासाठी व्हिएन्नाला जातेस होय?"

मग मनोहररावच हळू आवाजात म्हणाले, "दोनदा नाही म्हणाले आपल्याला. हे पहिल्यांदा कुणीतरी हो म्हटलंय. जाऊया की. बघून तरी येऊया."

देवांग परत येताना चिवडा घेऊन येईल, असं ठरलं. गिरिजानं त्याच संध्याकाळी हॉस्टेलच्या बुकिंगमधून स्वतःचं नाव काढलं. तिघांचे दोघं केले. हिरवी खूण आली, 'बुकिंग अपडेटेड' असं आलं. तिला वाटलं, चला, निदान हे तरी सरळ झालं.

आई-पप्पा व्हिएन्नाला पोचले त्या दिवशी ती सकाळीच लॅबमध्ये होती. तंतू काढायचं यंत्र नुकतंच तापत आलं होतं. फोन वाजला, व्हिडिओ कॉल होता.

"पोचलो बाई," शैलजाबाईंचा आवाज मोठा होता, पण नेहमीसारखा नव्हता. "गिरिजा, इथं पोरं-पोरी सगळी एकाच खोलीत झोपतात काय गं?"

"म्हणजे? तुमची वेगळी खोली आहे ना."

"नाही. आठजणांची आहे. एक पोरगा बनियनवर झोपलाय. आणि आमचे दोन्ही बर्थ वरचे."

तिनं रिसेप्शनवरच्या मुलीला फोन द्यायला सांगितलं. मुलगी नम्र होती. फॅमिली रूम किमान तिघांसाठी असते, ती म्हणाली. बुकिंग दोघांचं झाल्यावर सिस्टिमनं त्यांना डॉर्ममध्ये हलवलं.

"मी तिघांचे पैसे भरते. चौघांचे भरते."

"ती रूम आता दुसऱ्या कुटुंबाला दिलीय. आय अ‍ॅम सो सॉरी."

"माझ्या वडिलांचा गुडघा खराब आहे. ते शिडी चढू शकत नाहीत. मी तुम्हाला ईमेल केला होता."

"हो, दिसतोय मला तुमचा ईमेल," मुलगी म्हणाली. "पण आज खरंच सगळं फुल आहे."

फोन परत आईकडे गेला. गिरिजा एका हातानं लॅपटॉपवर शोधायला लागली. "थांबा, तिथंच थांबा. मी दुसरं बघते." एक फुल. दुसरं फुल. तिसऱ्यात जागा होती, पण वयाची अट पस्तीस. एक शहराच्या पार बाहेर, दोन गाड्या बदलून. "पप्पा, एक आहे, पण लांब आहे. मी टॅक्सी बुक करून देते."

पप्पा कॉरिडॉरमधल्या खुर्चीत बसलेले तिला दिसले. अंगात तिनंच मागे पाठवलेलं जाड जाकीट होतं, पायाशी दोन बॅगा. "गिरिजा," ते म्हणाले, "आता तू काय बघू नको. आम्ही आता कुठं हलत नाही."

"पण पप्पा, झोपणार कुठं तुम्ही?"

"बघतो की कायतरी."

तेवढ्यात चित्र थांबलं. पप्पांचा एक डोळा अर्धा मिटलेला, तसाच राहिला, आणि फोन बंद पडला. बहुतेक वायफाय गेलं असावं. तिनं परत लावला, लागला नाही. मेसेज केले, पोचले नाहीत. हॉस्टेलला फोन केला तर रिसेप्शनची पाळी बदललेली. नवा माणूस म्हणाला, पाहुण्यांची माहिती फोनवर देता येत नाही.

"मी त्यांची मुलगी आहे."

"मॅम, तसं कुणीही म्हणू शकतं."

त्याचं काही चुकत नव्हतं. आई-पप्पांसाठी महिनाभर हॉस्टेल शोधताना ह्याच गोष्टीला तिनं चांगले गुण दिले असते. यंत्रातून तंतू बाहेर पडत होते आणि ती ते झेलणारी जाळी लावायलाच विसरल्यामुळे ते खाली जमिनीवर साचत होते, पांढऱ्या पिंजलेल्या कापसासारखे. ती खाली बसून ते गोळा करत राहिली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

दुपारी मेसेज आला. 'जेवलो. झोपतो. काळजी करू नको. आई.'

त्यानंतरचे दिवस बरे गेले, निदान फोनवर तरी. शैलजाबाई रोज लॉबीतून व्हिडिओ करायच्या. हे स्वयंपाकघर बघ, ह्या शेगडीवर मी खिचडी केली. ही कोरियाची पोरगी, हिनं दोनदा मागून घेतली. ही ट्राम, हे मोठं चर्च, आत फुकट सोडतात पण वर चढायला पैसे. पप्पा मागे उभे राहून हात हलवायचे. खोली मात्र त्यांनी एकदाही दाखवली नाही.

"आई, रात्री झोपता कुठं तुम्ही?"

"झोपतोय बाई कुठंतरी. तू जेवलीस काय?"

देवांग परत आला तो एक भली मोठी पिशवी घेऊन. चिवडा, मेतकूट, तिळाची चटणी, आणि लोकरीचे पायमोजे, ज्यांचा एक जोड शैलजाबाईंनी त्यालाही दिला होता. त्याला मराठी येत नव्हतं, त्याचं हिंदी मोडकंतोडकं, आणि त्यांचंही तसलंच. पण दोघांचं चांगलं जमलं होतं म्हणे. पेपर नीट वाचला गेला, प्रश्नही बरे आले, हे सगळं त्यानं सांगून टाकलं. मग तो काही तरी सांगायचं राहिल्यासारखा उभाच राहिला.

"काय झालं?"

"तुझ्या मॉम मला सांगू नको म्हणाल्या होत्या," तो इंग्रजीतच म्हणाला. "पण तू विचारशील, म्हणून."

हॉस्टेलात दुसऱ्या दिवशी एका पोर्तुगीज पोरानं पप्पांना आपली खालची खाट दिली होती. आई मात्र आठवडाभर वरच झोपत होत्या. दोन पोरी शिडी धरायच्या, एक मागून आधार द्यायची. आणि पहिल्या रात्री? पहिल्या रात्री पप्पा झोपलेच नव्हते. आई पडतील या भीतीनं ते शिडीला हात लावून खाली खुर्चीवर बसून होते. "तुझ्या मॉमनी हे मला हसत हसत सांगितलं," देवांग म्हणाला. "मला नाही हसू आलं."

गिरिजानं मान हलवली. पिशवी टेबलाखाली ठेवली आणि संध्याकाळपर्यंत काम केलं. घरी आल्यावर यामिनीनं चिवड्याचं पाकीट फोडलं, "वा, काकूंच्या हाताला काय चव आहे गं," म्हणाली, आणि गिरिजा उठून वर आपल्या खोलीत निघून गेली.

पुढच्या रविवारी तिनं फोन लावला तेव्हा शैलजाबाई स्वयंपाकघरात होत्या. मागे शेजारच्या काकूंचा आवाज होता. त्यांनाही व्हिएन्ना ऐकायचं होतं.

"आई, देवांगनं सांगितलं मला."

"सांगितलं होय?" शैलजाबाईंनी गॅस बारीक केला. मग म्हणाल्या, "अगं, वरच्या बर्थवर काय वाईट नव्हतं. खिडकी होती शेजारी. सकाळी ट्राम दिसायच्या, एकामागून एक. पडले नाही ना मी? मग?"

"मी नाव काढलं नसतं तर..."

"तुला काय माहीत होतं, पोरी."

पप्पा कुठं आहेत, गिरिजानं विचारलं. आईनं फोन फिरवला. मनोहरराव हॉलमध्ये पेपर वाचत बसले होते, डावा पाय समोरच्या स्टुलावर उचलून ठेवलेला, गुडघ्याला पट्टा.

"सूज आहे थोडी," ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "उतरंल की. मुंबईच्या व्हिसाच्या तारखेचं काय झालं तुझ्या?"

"बघतेय पप्पा. रोज बघते. अजून उघडलेली नाही."

"बघ. घाई करू नको."

शेजारच्या काकूंनी मधेच काहीतरी विचारलं आणि शैलजाबाई तिकडे वळल्या. हे एवढं मोठं चर्च, एवढे घोडे, आणि पाणी नळाचंच पितात बघ सगळी, असं त्यांचं सुरू झालं. गिरिजानं फोन डब्याला टेकवून ओट्यावर उभा केला, परातीत पीठ काढलं, आणि मळता मळता ती ऐकत राहिली.