मौला मिस्त्रींचा हात

मौला मिस्त्री आधी गाडीच्या टाकीत बोट बुडवत आणि मग गाडीवाल्याच्या थोबाडीत मारत. बुडवलेलं बोट ते अंगठ्यावर चोळत. पेट्रोल उडून गेल्यावर बोट बुळबुळीत राहिलं, तर गाडीवाला वाचला. कोरडं पडलं, तर समोर कोण उभा आहे हे ते बघत नसत. सरकारी नोकरीत असताना माझ्यावर हात टाकणारा तो एकच माणूस, आणि तरीही त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

भूमच्या पंचायत समितीत मी नुकताच विस्तार अधिकारी म्हणून रुजू झालो होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला; सायकलसुद्धा मला उशिरा यायला लागली. अशा माणसाला कचेरीनं फटफटी दिली. खेड्यांना सडका नव्हत्या. बैलगाडीची चाकोरी, ओढ्यातली वाळू, मुरमाड चढ, सगळं तिच्यावरूनच पार करायचं. तिसऱ्या आठवड्यात ती चढाला दम टाकू लागली, म्हणून बाजाराच्या टोकाला मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन गेलो. त्यांनी बोट बुडवलं, चोळलं, आणि माझ्या कानाखाली जाळ काढला. चष्मा मातीत पडला. तो त्यांनीच उचलला, सदऱ्याला पुसून हातात दिला आणि म्हणाले, "बसा साहेब. च्या सांगू का?"

चहा पिता पिता त्यांनी मला शिकवलं. "जीपला तेलाची जागा येगळी असती. ह्या टू-स्ट्रोकला न्हाय. हिला तेल पेट्रोलातनंच पाजावं लागतंय, लिटरला अर्धा कप. न्हाय पाजलं तर पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो आन् मागलं चाक जागच्या जागी आवळतं. उताराला असलात तर आधी तुमी खाली, मग वरनं गाडी."

"हे तोंडानं सांगितलं असतं तरी चाललं असतं," मी गाल धरून म्हणालो.

"तोंडानं सांगिटलेलं ल्वाक इसरतेत. मारलेलं कुणी इसरलं न्हाय अजून."

ते स्वतः तसंच शिकले होते. सोलापूरच्या एका उस्तादानं चुकीच्या प्लगापायी त्यांचा तळवा तापलेल्या सायलेन्सरवर दाबला होता. तो डाग ते पदकासारखा दाखवत. "ह्यो माझा सर्टिफिकेट. तुमचा कागदाचा, माझा कातड्याचा." एकदा एका ट्रक ड्रायव्हरनं बोल्टाच्या डोक्याला छिन्नी लावून हातोडा घातला, तर मिस्त्रींनी बावीसचा पान्हा फेकून त्याची भुवई फोडली, मग स्वतःच टांग्यात घालून दवाखान्यात नेलं आणि टाके पडेपर्यंत त्याचं डोकं मांडीवर धरलं. यंत्राला मात्र ते लाकडी मोगरीशिवाय मारत नसत. धुळीनं चोंदलेली हवेची जाळी पेट्रोलमध्ये धुताना तर लहान बाळाला अंघोळ घातल्यासारखे हळू बोलत.

त्यांच्या हाताखाली वर्षभरात मी प्लग साफ करायला, सायलेन्सर विस्तवावर धरून आतली काजळी जाळायला, वाळूत गिअर न सोडता गाडी काढायला शिकलो. आणखी चारदा मार खाल्ला. दर वेळी चूक माझीच होती, असं मी तेव्हा मानत होतो.

शेजारच्या गावचे तात्या मोठे जमीनदार. त्यांचा थोरला मुलगा संपत नवी टू-स्ट्रोक घेऊन आला होता. देखणा, हौशी पोरगा. पण तेल जळून निघणाऱ्या धुराची त्याला लाज वाटे. मित्र म्हणत, "संपतराव, तुमच्या फटफटीपरीस आमची चूल बरी." बाजारच्या दिवशी तो शेडमध्ये आला आणि चारचौघांत म्हणाला, "मिस्त्री, धूर बंद करा. जीप बघा, कशी सुक्कीच पळती. तेल कशाला पेट्रोलात? तुमची जुनी खोड हाय."

मिस्त्रींनी बोट बुडवलं. कोरडं. भर बाजारात त्यांनी संपतच्या दोन्ही गालांवर दोन ठेवून दिल्या. त्याचा फेटा सुटून नालीत पडला. भाजीचे वाटे लावून बसलेल्या बायकासुद्धा हसल्या.

संपतनं फेटा उचलला नाही. "मौला," तो म्हणाला, मिस्त्री नाही, चाचा नाही, नुसतं मौला, "आता तर ह्या गाडीत तेलाचा थेंब पडायचा न्हाय. बघू काय हुतंय."

येरमाळ्याच्या येडेश्वरीची जत्रा आठ दिवसांवर होती. जत्रेच्या दिवशी संपत फटफटीवर निघाला, धूर न काढता. येरमाळ्याच्या अलीकडच्या उतारावर मागचं चाक आवळलं. त्याचं डोकं सडकेकडेच्या दगडावर आपटलं. लोक पोचले तेव्हा तो गेलेला होता.

तिसऱ्या दिवशी सावडण्याचं आटोपून तात्या, धाकटा मुलगा बाळू आणि भावकीतले दहा-बारा जण काठ्या घेऊन शेडवर आले. बैलगाडीत मोडकी फटफटी होती. माझी गाडी तिथं खोललेली होती म्हणून मीही होतो. कुणीतरी ओरडलं, "मौलानं चाकात कायतरी करून ठिवलं. बाजारातला राग काढला." दोघांनी शेडचे पत्रे उचकटायला सुरुवात केली. एकानं मिस्त्रींच्या पाठीत काठी घातली. मिस्त्री हलले नाहीत.

"तात्या, मारायचं तर मारा," ते म्हणाले. "पर आधी बघा."

तात्यांनी हात वर केला, तसे सगळे थांबले. मिस्त्रींनी गाडी उतरवून घेतली. वाकलेल्या टाकीत थोडं पेट्रोल उरलं होतं. "बोट घाला, तात्या. तुमचंच घाला." तात्यांनी घातलं, अंगठ्यावर चोळलं. कोरडं. मग मिस्त्रींनी सिलिंडर सोडवायला घेतलं. मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी ते सुटायला अर्धा तास लागला. तेवढा वेळ सगळे काठ्या टेकून उभे होते. आतला पिस्टन नखांनी ओरबाडल्यासारखा झाला होता. तो त्यांनी तात्यांच्या हातात ठेवला.

तात्यांना ते कळलं. त्यांनी काठीवाल्यांना मागं सरायला सांगितलं. मिस्त्री तिथं गप्प बसले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं.

"आजून एक हाय," मिस्त्री म्हणाले. "त्यो तेल टाकायला तयार झाला असता, तात्या. चांगलं सांगिटलं असतं तर टाकलं असतं. म्या त्याला बाजारात मारलं, म्हून टाकलं न्हाय. पिस्टन तेलापायी चिकटला. पोरगं माझ्या हातापायी गेलं."

बाळू अठरा-एकोणीस वर्षांचा. त्यानं जमिनीवरची टायर काढायची लोखंडी टॉमी उचलली. मिस्त्रींचा उजवा हात सिलिंडरवरच होता. पहिल्या घावाला मनगट गेलं, दुसऱ्याला बोटं. मिस्त्रींनी हात काढून घेतला नाही. तिसऱ्या घावाआधी मी बाळूला मिठी मारून खाली पाडलं. त्याच्या कोपरानं माझा दात तुटला. तात्या पिस्टन हातात घेऊन तसेच उभे होते.

दवाखान्यात फौजदार आले. आता बाळू तुरुंगात जाणार हे उघड होतं. "कसं झालं?" फौजदारांनी विचारलं.

"किक उलटी बसली," मिस्त्री म्हणाले.

"किकनं बोटं ठेचत न्हाईत, मिस्त्री."

"दोनदा बसली."

फौजदार माझ्याकडं वळले. "तुम्ही शिकलेले आहात. सरकारी माणूस. तुम्ही सांगा."

मला खरं सांगायचं होतं. माझ्या तोंडात अजून रक्त होतं. मी मिस्त्रींजवळ वाकून म्हणालो, "त्यानं तुमचं पोट मारलं. हा हात आता पान्हा धरणार नाही."

"निजाम पडला त्या पोलीस ॲक्शनच्या साली माझ्या भावाला मारलं, साहेब," ते हळूच म्हणाले. "तवा चार दिवस म्या कुऱ्हाड घिऊन फिरत हुतो. समोर कुणी आलं न्हाय म्हून वाचलो. भाऊ मेल्यावर माणसाचा हात त्याचा नसतो. तात्याचा एक पोरगा म्या घेतला. दुसरा नेऊ?"

जबानीत मी लिहिलं: किक उलटी बसली. खाली पदवीसकट सही केली. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी जाणूनबुजून केलेली ती एकच खोटी सही, आणि तिचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

बाहेर लिंबाखाली बाळू दोन शिपायांच्या मध्ये बसला होता. "काय लिवलं, साहेब?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. शिपाई उठून गेले तरी तो उठला नाही. गुडघ्यात डोकं घालून हुंदके द्यायला लागला.

मिस्त्री पट्टी बांधलेला हात छातीशी धरून पायऱ्या उतरले. त्याच्यापाशी थांबले.

"ऊठ," ते म्हणाले. "तुझा बाप घरी एकटा हाय."