घड्याळजी आणि सातवं अंडं

आमच्या शेजारच्या घड्याळजींना बंद वस्तू बघवत नाही, आणि चालू वस्तू तर त्याहून बघवत नाही. चालू असलेली ते उघडून बघतात, मग ती रीतसर बंद पडते. चाळीस वर्षं मनगटी घड्याळं दुरुस्त केली. लोक मोबाइलवर वेळ बघायला लागले तसं गेल्या वर्षी दुकान बंद केलं, पण हात थोडेच बंद होतात? मिक्सर झाला, इस्त्री झाली. आमचं भिंतीवरचं घड्याळ तीन महिने त्यांच्याकडे वाटीत होतं. हो, तोवर ते वाटीत मावायला लागलं होतं.

बायको बरोब्बर उलट. तीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात, घड्याळजीसुद्धा. कळा देणाऱ्या बायकांना आणि बाहेर येरझाऱ्या घालणाऱ्या नवऱ्यांना ‘थांबा’ सांगण्यात त्यांचा जन्म गेला.

तर सिस्टरांच्या कोंबडीनं सहा पिल्लं काढली आणि सातव्यानं आतून जेमतेम एक भोक पाडलं असताना, ती बया सहा जणांना घेऊन परसात फिरायला निघून गेली. सिस्टरांनी अंडं खोक्यात ओलसर फडक्यावर ठेवलं, वर ऊब द्यायला दिवा टांगला. मी साखर मागायला गेले होते. आमच्या घरी साखर होती, ते सोडा.

घड्याळजींनी अंडं कानाला लावलं. “चालू आहे,” म्हणाले, आणि दुकान बंद झाल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. लगेच डोळ्याला भिंग, हातात चिमटा. फक्त वरचं झाकण काढतो म्हणे.

सिस्टरांनी चिमटा काढून घेतला आणि कमरेला खोचला. “आतल्या पापुद्र्यात अजून रक्त फिरतंय. आत्ता सोलाल तर पिल्लू जाईल. उद्यापर्यंत हात लावायचा नाही.”

उद्यापर्यंत! घड्याळजी खोक्यासमोर स्टूल टाकून बसले. एक टोच, मग अकरा मिनिटं काही नाही. “मागे पडतंय,” ते मला हळूच म्हणाले.

दुपारी सिस्टर कपडे वाळत घालायला गेल्या आणि घड्याळजींनी नखानं टवका काढलाच. मी अडवायला हवं होतं, पण खोटं कशाला सांगू, मीही वाकून बघत होते. टवक्याखाली रक्ताचा थेंब आला. घड्याळजींनी अंडं होतं तसं फडक्यावर ठेवलं आणि हात मागे घेतला. सिस्टर आल्या, अंड्याआधी नवऱ्याचा चेहरा बघितला, कापसाचा बोळा हलकेच दाबून धरला. त्या बोलत नाहीत तेव्हा शेजाऱ्यांनी घरी जावं, एवढं मला कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साखर परत द्यायला गेले. रक्त थांबलं होतं, पण भोकही तेवढंच होतं. पापुद्रा वाळून पिल्लाला कागदासारखा चिकटलेला, टोचणं बंद. सिस्टर चष्मा लावत होत्या, काढत होत्या. शेवटी कमरेचा चिमटा काढून नवऱ्यापुढे ठेवला.

“आता मदत लागणार. मला त्या बारीक शिरा दिसत नाहीत, तुम्हाला दिसतील. लाल दिसलं की थांबायचं.”

घड्याळजींनी घड्याळात तेल सोडायची सुई उकळून घेतली. कोमट पाण्याचा एक थेंब, मग टवका. “लाल?” “नाही.” “चला पुढे.” असं तासभर. मी दिवा धरून उभी होते, तोंड मिटून. आमच्या ह्यांचा अजून विश्वास बसत नाही.

निम्मं कवच निघालं आणि घड्याळजींनी आपण होऊन चिमटा खाली ठेवला. “आता त्याचं त्याला करू दे.” सिस्टरांनी नवऱ्याकडे असं बघितलं, जणू हा माणूस त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

थोड्या वेळानं पिल्लानं लाथ मारली आणि भिजलेल्या बोळ्यासारखं बाहेर लोळलं. घड्याळजींनी ते उचललं, आणि सवय ती सवय, कानाला लावलं. ते कानातच किंचाळलं. माणूस दिवसभर एकाच कानानं ऐकत होता, पण हसत होता.

माणूस सुधारला खरा, भुर्दंड मला. परवा घड्याळ आणायला गेले. जोडून तयार होतं, फक्त काटे हलत नव्हते. मी म्हटलं, जरा उघडून बघा ना.

“घाई करायची नाही, वहिनी,” घड्याळजी म्हणाले. “आतून जोर लावतंय ते.”

आतून सिस्टरांचा आवाज आला, “अहो, ते घड्याळ आहे.”